जूनचा तिसरा आठवडा: लेकीचे ग्रॅज्युएशन आणि गावच्या अग्निशमन दलाचा कार्निव्हल

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीतील एका लहान बरोमध्ये गेली अकरा वर्षे राहत आहोत. वस्ती सात हजारांच्या आत, एक मुख्य रस्ता, एक ग्रंथालय आणि बंद पडलेल्या रुळांच्या पलीकडे स्वयंसेवी अग्निशमन दलाची विटांची इमारत, एवढाच गावाचा पसारा आहे. या इमारतीमागच्या मैदानावर दर जूनमध्ये दलाचा कार्निव्हल भरतो. मंगळवारी संध्याकाळी पाळणे सुरू होतात आणि शनिवारी रात्री साडेदहाला दिवे मालवतात. यंदा आमच्या लेकीचे हायस्कूलचे ग्रॅज्युएशन नेमके त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आहे. हा योगायोग नव्हे, हे मला इतक्या वर्षांनी परवा कळले. शाळेचा शेवटचा दिवस ज्या आठवड्यात येतो तोच आठवडा दल मुद्दाम धरते, कारण त्या वेळी मुले मोकळी झालेली असतात आणि आईबाप अजून सुट्टीवर गेलेले नसतात.

अडचण अशी आहे की सासू-सासरे या समारंभासाठी मे महिन्यातच कराडहून आले आहेत आणि शनिवारी संध्याकाळी एडिसनजवळ हॉल घेऊन दीडशे माणसांना जेवायला बोलवावे असे माझ्या यजमानांच्या मनात आहे. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरी असेच झाले आहे आणि त्या प्रत्येक जेवणाला आम्ही पाकीट घेऊन गेलो आहोत, त्यामुळे यात थोडा परतफेडीचाही भाग आहे. लेकीने मात्र शांतपणे सांगितले, "शनिवारी कार्निव्हलची शेवटची रात्र असते. मी तिथे नसले, तर माझे ग्रॅज्युएशन झाले असे मला वाटणारच नाही."

समारंभाचा अर्थ मला लागतो. बालवाडीपासून बारावीपर्यंतची तेरा वर्षे संपतात, मुले झगा आणि चौकोनी टोपी घालून एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या कूचगीताच्या तालावर फुटबॉलच्या मैदानात येतात, मुख्याध्यापकांनी सांगितले की टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे नेतात. पण अग्निशमन केंद्राच्या मागचा आकाशपाळणा आणि तळलेल्या पिठाचा वास यांचा त्या गोंड्याशी काय संबंध, हे मला उमगत नाही. अकरा वर्षांत आम्ही तिथे चार-पाच वेळा गेलो असू. मनगटाला पट्टा बांधून घेतला, मुलीला पाळण्यात बसवले, लिंबूसरबत घेतले आणि नऊच्या आत घरी आलो.

आता दलाकडून पत्र आले आहे की यंदा बारावी संपवणाऱ्या मुलांच्या पालकांनी एका संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर तीन तास काम करावे. हे सगळेच पालक करतात का, आणि शनिवारचे जेवण हलवावे की लेकीला समजवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे.

मिडवेस्टकर

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये असतो आणि आमच्या दोन्ही मुलांचे हायस्कूल इथेच झाले. तुमच्या यजमानांना माझा एक निरोप द्या, की या समारंभासाठी दीडशे पानांची पंगत ही आपण आपल्या सोयीने लावलेली रीत आहे. इथल्या लहान गावांत ग्रॅज्युएशनचे 'ओपन हाउस' असते. गॅरेज धुऊन काढतात, आत घडीची टेबले मांडतात, मुलाचे बालवाडीपासूनचे फोटो एका फळीवर चिकटवतात आणि दुपारी दोन ते पाच अशी वेळ कळवून टाकतात. माणसे येतात, केकचा तुकडा घेतात, कार्डात वीस डॉलर घालून ते टोपलीत ठेवतात आणि वीस मिनिटांत पुढच्या घरी जातात. एका शनिवारी आम्ही सहा घरे केली आहेत. कोणत्या घराचे कधी, हे आया एकमेकींना विचारूनच ठरवतात, आणि गावचा मोठा कार्यक्रम ज्या संध्याकाळी असेल ती वेळ कोणीही धरत नाही.

म्हणून माझे मत असे की रविवारी दुपारी घरीच ठेवा. श्रीखंड-पुरी गॅरेजमध्येही तितकीच चांगली लागते.

जाता जाता, टोप्या हवेत उडवण्याची पद्धत विद्यापीठांतली नव्हे, नौदलातली आहे. १९१२ साली अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडणाऱ्या तुकडीला प्रथमच लगेच अधिकारीपद मिळाले, जुन्या टोप्यांची गरज उरली नाही, म्हणून त्या त्यांनी भिरकावून दिल्या. लेकीची टोपी भाड्याची असेल, तर तिला नेम धरून उडवायला सांगा.

पाणक्या

मी शेजारच्या काउंटीतील एका स्वयंसेवी दलात नऊ वर्षे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे अग्निशमन दल म्हटले की नगरपालिकेचा पगारी बंब डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे बिनपगारी आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांचे दल उभे केले, तेव्हापासून ही पद्धत या भागात मुरलेली आहे. नगरपालिका काही रक्कम देते, पण एका माणसाच्या अंगावरच्या संरक्षक पोशाखालाच काही हजार डॉलर पडतात आणि नव्या बंबाची किंमत काही लाख डॉलरच्या घरात जाते. वरचा खड्डा भरून काढायला कार्निव्हल असतो. व्हर्जिनियातील चिंकोटीग बेटावरच्या दलाने १९२५ पासून घोड्यांची शिंगरे विकून आणि जत्रा भरवून बंब घेतले. आमच्याकडे घोडे नाहीत, म्हणून आम्ही पीठ तळतो.

पाळणे दलाचे नसतात. ते फिरत्या कंपनीचे असतात, पाळण्यांच्या तिकिटांतला ठरलेला वाटा ती दलाला देते आणि बाकीचे पैसे स्वतः नेते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने उभारलेले आकाशपाळण्याचे चाक २६४ फूट उंच होते आणि त्याला ३६ डबे होते. आमचे चाक एका ट्रेलरवर घडी घालून येते आणि सकाळपासून दुपारपर्यंत उभे राहते. ते उभे करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मेक्सिकोतील व्हेराक्रूझ राज्यातल्या त्लापाकोयान या एकाच गावाच्या परिसरातून हंगामी व्हिसावर येतात. दर जूनमध्ये एकाच गावातली माणसे आमच्या गावात पाळणे बांधतात ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते. पाळण्यांची तपासणी राज्याचे निरीक्षक करतात, पण संध्याकाळी रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही त्याची कल्पना नसते.

दलाचा खरा पैसा स्वयंपाकघरात आणि 'फिफ्टी-फिफ्टी'च्या सोडतीत आहे. सोडतीत जमलेली अर्धी रक्कम विजेत्याला मिळते आणि अर्धी दलाला. त्यासाठी नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. स्वयंपाकघरात मात्र हात कमी पडतात, म्हणूनच तुम्हाला ते पत्र आले आहे. सगळे पालक येतात का, तर येत नाहीत. निम्मे आले तरी आम्ही खूश असतो. पण जे येतात त्यांची नावे पुढची वीस वर्षे लक्षात राहतात, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. आमच्या कढईपाशी ज्या गृहस्थांनी मला पीठ ओतायला शिकवले, त्यांच्याच घरी दोन वर्षांनी पहाटे धुराचा गजर वाजला तेव्हा मी शिडी धरून उभा होतो.

आता मुलांविषयी. आमच्या दलात शनिवारी रात्री शेवटचा अर्धा तास बारावीच्या मुलांना आकाशपाळणा मोफत असतो. दहाच्या सुमाराला भोंगा वाजतो, मुले रांग लावतात आणि लहान मुलांचे आईबाप आपापल्या पोरांना घेऊन बाजूला होतात. याचा नियम कुठेही लिहिलेला नाही. तुमच्या गावातही असे काही असणार, लेकीला विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट विसरू नका. लेकीकडे सतरा पूर्ण झाल्यावर मिळणारा गाडीचा परवाना असेल, तर रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ पर्यंत तिला गाडी चालवता येत नाही, आणि आईबाप सोबत नसतील तर गाडीत एकाहून अधिक मैत्रीण बसवता येत नाही. साडेदहाला दिवे मालवल्यावर निरोप घेण्यात मुलांचा तास सहज जातो. कोणीतरी मोठ्या माणसाने गाडी घेऊन थांबावे.

हिशेबनीस

मला या सगळ्याचे इतके कौतुक वाटत नाही. २०२४ च्या जूनमध्ये आपल्याच राज्यातील ग्लॉस्टर टाउनशिपच्या उत्सवात तरुणांचा जमाव बेकाबू झाला, पोलिसांना दुखापती झाल्या आणि अटका झाल्या. त्यानंतर किती गावांनी आपले कार्निव्हल आखडते घेतले किंवा अठरा वर्षांखालील मुलांना २१ वर्षांवरील माणसाशिवाय रात्री आत सोडणे बंद केले, ते पाहा. ज्या मुलीला मतदान करायला काही महिने उरले आहेत तिला आईचे बोट धरून आत जावे लागत असेल, तर त्या रात्रीत स्वातंत्र्य ते कसले? तुम्ही ज्यांची जेवणे जेवलात त्यांना आधी बोलवा. पाळणा पुढच्या वर्षीही येणार आहे.

ओसरी

सर्वांचे आभार. हिशेबनीस, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. आमच्या गावातही सातनंतर तो नियम लागू आहे आणि लेकीला अठरा वर्षे नोव्हेंबरात पूर्ण होतात, म्हणजे कोणीतरी तिच्यासोबत आत असावेच लागेल.

"पुढच्या वर्षीही" या शब्दांपाशी मात्र मी थांबले. आम्ही अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. लेक एच-४ व्हिसावर आहे, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो त्यावर. तिच्या मैत्रिणी दोन वर्षांपासून उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर कामाला जातात. तिला पगाराचे कोणतेही काम करता येत नाही. सरकारी विद्यार्थिसाहाय्याचा अर्जही आमच्या उपयोगाचा नाही, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाली की तिला आमच्या नावावरून उतरून स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल. वर्गातली बाकीची मुले पुढच्या जूनमध्ये इथे असणार हे धरून चालतात. तसे आम्हाला धरता येत नाही. तिने हे कधी बोलून दाखवलेले नाही, पण "शेवटची रात्र" हे शब्द तिने ज्या तऱ्हेने उच्चारले ते मला आता वेगळे ऐकू येत आहेत.

पाणक्या, ती स्टॉलवर बिनपगारी काम करू शकेल ना?

पाणक्या

करू शकेल. स्टॉलवरची सगळीच कामे विनावेतन आहेत आणि कोणाच्या पगाराची जागा ती अडवत नाही. दलाच्या सचिवांना आधी सांगून ठेवा म्हणजे टोपी आणि एप्रन मिळेल. गरम तेलापाशी मात्र तिला उभे करू नका, तिथे तुम्ही उभ्या राहा.

चिंचोका

काकू, मी या धाग्यावरची बहुधा सर्वांत लहान सभासद आहे. माझे हायस्कूल दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतच संपले, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. (मराठी शाळेत सात वर्षे काढली आहेत, तरी शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात.)

समारंभात आम्हाला आडनावाच्या वर्णानुक्रमाने बसवले होते. माझ्या डावीकडे जो मुलगा होता त्याच्याशी मी चार वर्षांत दोन वाक्ये बोलले असेन आणि माझ्या जिवलग मैत्रिणी अकरा रांगा पुढे होत्या. मंचावर हातात जी जाड फाइल दिली ती रिकामी होती. खरे प्रमाणपत्र नंतर व्यायामशाळेतल्या टेबलावरून, ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याची नोंद तपासून मिळाले. फोटो उत्तम आले. पण त्या दीड तासात मी कोणाचाही निरोप घेतला नाही.

निरोप कार्निव्हलमध्ये घेतला जातो, कारण तिथे रांगा आपल्या आपण लावायच्या असतात. आमच्या गावातला चर्चचा होता, दलाचा नव्हे, पण आठवडा तोच. तिकिटाच्या खिडकीत आमच्या इतिहासाच्या बाई बसल्या होत्या. प्राथमिक शाळेत जेवण वाढणाऱ्या आजींनी मला नावाने हाक मारली आणि माझ्या वाढदिवसाला मी चीज नको म्हणून रडले होते, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. ज्या मुलीशी माझे आठवीत भांडण झाले होते, तिच्याशेजारी मी फिरत्या कपांच्या पाळण्यात बसले, कारण दुसरी जागाच नव्हती. ते भांडण तिथे मिटले असे नाही, पण आम्ही दोघी एकाच वेळी किंचाळलो.

आणि माझ्या घरचे जेवण शनिवारीच होते. मी साडी नेसून दाराशी तीन तास उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. जेवण सुंदर झाले, आईबाबा आनंदात होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेवटच्या फेरीनंतर मैदानावर काढलेला आमच्या वर्गाचा एक फोटो आहे. तो माझ्या मैत्रिणीच्या वसतिगृहातल्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे. मी तिच्याकडे गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

कृष्णाकाठ

मी साताऱ्याजवळच्या एका खेड्यात राहतो, अमेरिका पाहिलेली नाही, पण जत्रा पाहिल्या आहेत. आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. घरटी वर्गणी निघते, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, माहेरवाशिणी येतात, आणि त्या दोन दिवसांत गावात कोणी साखरपुडा किंवा बारसे ठेवत नाही. ठेवलेच, तर पंगतीला फक्त पाहुणे असतात, गाव नसतो. तुमच्या कराडच्या मंडळींना हे सांगायचीही गरज पडू नये. सासऱ्यांना एवढेच विचारा, की "यात्रेच्या रात्री तुम्ही घरी जेवण ठेवले असते का?" उत्तर तेच देतील.

न्यू जर्सीचे नाव वाचून आणखी एक आठवले. आनंदीबाई जोशी तिकडे गेल्या तेव्हा प्रथम याच राज्यातील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. तुमच्या सासूबाईंना मानाच्या खुर्चीत बसवा म्हणजे झाले.

ओसरी

सर्व पार पडून आठ दिवस झाले. विचारणाऱ्यांसाठी लिहिते.

कृष्णाकाठ यांचा प्रश्न मी जसाच्या तसा सासऱ्यांना विचारला. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग यजमानांना म्हणाले, "हॉल रद्द कर." आगाऊ भरलेल्या पैशांपैकी काही गेले. त्यावर घरात जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

मानाच्या खुर्चीचा बेत मात्र पावसाने उधळला. गुरुवारी दुपारी अडीचला आभाळ फाटले आणि समारंभ मैदानावरून व्यायामशाळेत हलवल्याचा संदेश आला. मैदानासाठी प्रत्येक घराला पाच तिकिटे होती, पण व्यायामशाळेत दोनच माणसांना जागा. ती दोन तिकिटे सासू-सासऱ्यांना दिली आणि आम्ही दोघे शाळेच्या भोजनगृहात पडद्यासमोर बसलो. त्या पडद्यावर लेकीचे नाव उच्चारले गेले त्या क्षणी चित्र अडकले. आम्ही तिला मंचावर चढताना पाहिले आणि थेट खाली उतरताना पाहिले. मधले सासूबाईंनी सांगितले. त्या इंग्रजी फारसे समजत नसूनही दीड तास ताठ बसल्या होत्या आणि आडनावाचा उच्चार चुकला हे त्यांनीच प्रथम सांगितले.

शनिवारी मी फनेल केकच्या स्टॉलवर होते. हा पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या लोकांचा पदार्थ आहे. पातळ पीठ नरसाळ्यातून गरम तेलात गोल-गोल सोडायचे आणि वर पिठीसाखर भुरभुरवायची. माझ्या शेजारी दलातले सत्तरीचे एक गृहस्थ होते. सासूबाई बाकावर बसून दहा मिनिटे पाहत राहिल्या आणि मग न राहवून उठून आल्या. पीठ घट्ट आहे आणि हात मनगटातून फिरला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी भाषांतर केले. गृहस्थांनी नरसाळे त्यांच्या हाती दिले. त्यांनी घातलेला वेढा जिलबीचा झाला, म्हणजे नको इतका बारीक, आणि तो करपला. दुसरा बरा जमला. तिसऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. मग सचिवांनी येऊन, नाव नोंदवल्याशिवाय तेलापाशी उभे राहता येत नाही, असे नम्रपणे सांगितले आणि आजींना लिंबे कापायला बसवले. तिथे त्या दिवे मालवेपर्यंत होत्या.

लेक शेजारच्याच खिडकीत नऊपर्यंत तिकिटे फाडत होती. एका मुलीने तिला विचारले, "तू इतकी वर्षे कधी आली का नाहीस?" तिने काय उत्तर दिले ते गोंगाटात मला ऐकू आले नाही. दहाला खरेच भोंगा वाजला. आमच्याकडेही शेवटच्या फेऱ्या बारावीच्या मुलांच्याच असतात, हे यजमानांनी चिंब गवतावर उभे राहून प्रथमच पाहिले. फोटोत ती डावीकडून चौथी आहे. एप्रन काढायचे राहून गेले. गाडी मी चालवली, मागे चार मुली होत्या आणि घरी पोहोचेपर्यंत पावणेबारा झाले.

रविवारी दुपारी गॅरेजमध्ये साठ-पासष्ट माणसे येऊन गेली. काही घरांनी शनिवार सोडून रविवार धरल्याबद्दल नाराजी दाखवली आणि तीन घरे आलीच नाहीत. उरलेले श्रीखंड मी दलाच्या इमारतीत नेऊन दिले. त्यांनी ते पावाला लावून खाल्ले असे कळले.

पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी ग्रॅज्युएशन आहे त्यांनी पावसाची तिकिटे वेगळ्या पाकिटात ठेवावीत. आमच्याकडची दोन्ही प्रकारची तिकिटे पिवळीच होती, आणि व्यायामशाळेच्या दाराशी सासऱ्यांच्या हाती प्रथम मैदानाचेच तिकीट लागले.